ॲसिटिलकोलिनेस्टरेज सेन्सर बफरमध्ये मस्त चालतो, द्राक्षाच्या रसात फसतो. नेमकं काय चुकतंय?

प्राजक्ता_लॅब

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय कीटकनाशकांसाठी इलेक्ट्रोकेमिकल बायोसेन्सर. आमच्या लॅबमध्ये या विषयातलं दुसरं कोणी नाही म्हणून इथे विचारतेय, थोडं लांबण लागेल तर सांभाळून घ्या.

सेटअप असा आहे की स्क्रीन प्रिंटेड कार्बन इलेक्ट्रोडवर मल्टीवॉल कार्बन नॅनोट्यूब, त्यावर गोल्ड नॅनोपार्टिकल आणि सगळ्यात वर कायटोसानमध्ये मिसळलेलं ॲसिटिलकोलिनेस्टरेज (मज्जासंस्थेतलं एन्झाइम), इलेक्ट्रिक ईलचं, जे सगळीकडे विकत मिळतं ते. सबस्ट्रेट ॲसिटिलथायोकोलिन. एन्झाइम त्याचं थायोकोलिन करतं, ते इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होतं आणि करंट मिळतो. ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट, पॅराऑक्सॉन आणि क्लोरपायरीफॉस त्यातलेच) असेल तर एन्झाइम बंद पडतं आणि करंट कमी होतो, जितका कमी तितकं औषध जास्त, असा साधा हिशोब.

बफरमध्ये पॅराऑक्सॉनला कॅलिब्रेशन सुंदर येतं. क्लोरपायरीफॉसलाही थोडा रिस्पॉन्स येतो पण बॅच बदलली की बदलतो. खरी अडचण द्राक्षाची. ओळखीच्यांच्या परसात एक वेल आहे, त्यावर कधीच काही मारलेलं नाही, त्या मण्यांचा रस काढून टाकला तरी करंट जवळपास निम्मा पडतो. मग त्यात मुद्दाम क्लोरपायरीफॉस घातलं तर फारसा फरकच दिसत नाही, आणि कधी कधी तर करंट उलटा वाढतो!!

गाइड म्हणतात सेन्सिटिव्हिटी कमी पडतेय, ग्राफीन किंवा मॅक्सीनसारखं दुसरं नॅनोमटेरियल घालून बघ, एन्झाइमही वाढव. मला मनातून पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाहीये. आणि दुसरा प्रश्न, रेसिड्यू लॅबमध्ये (मालावर उरलेला औषधांचा अंश तपासतात तिथे) काम करणारं कोणी असेल तर खरं सांगा, असा सेन्सर तुमच्या कामाला येईल का?

विद्युत_रसायन

प्राजक्ता, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे. प्रॉब्लेम नॅनोमटेरियलचा नाहीच, प्रोटीनचा आणि सॅम्पलचा आहे.

आधी करंट उलटा वाढतो त्याचं बघू. तुम्ही बहुतेक रस आणि सबस्ट्रेट एकाच थेंबात टाकून मोजताय. रसात ॲस्कॉर्बिक ॲसिड आहे, पॉलिफिनॉल आहेत, हे सगळे त्याच पोटेन्शियलला स्वतःच ऑक्सिडाइज होतात आणि त्यांचा करंट थायोकोलिनच्या करंटमध्ये मिसळतो. त्यामुळे दोन पायऱ्या वेगळ्या करा. इलेक्ट्रोड आधी सॅम्पलमध्ये ठेवा, साधारण १० मिनिटं, सबस्ट्रेट न घालता, मग बफरने नीट धुवा आणि मगच स्वच्छ बफरमध्ये सबस्ट्रेट घालून मोजा. ऑर्गॅनोफॉस्फेट एन्झाइमच्या सेरीनला पक्कं चिकटतं, फॉस्फोरिलेशन होतं, ते धुण्याने निघत नाही. बाकी ॲस्कॉर्बेट वगैरे वाहून जातं. या एका बदलाने अर्धा गोंधळ मिटेल.

आता न फवारलेल्या रसाने करंट का पडतो. पहिलं म्हणजे पीएच. द्राक्षाचा रस ३ ते ४ च्या आसपास असतो आणि या एन्झाइमला ८ च्या जवळपास बरं वाटतं. तुमचा बफर १० मिलिमोलर वगैरे पातळ असेल तर रस मिसळल्यावर तो पीएच धरूच शकणार नाही, तेव्हा मिसळल्यानंतरचा पीएच खरोखर मीटरने मोजून बघा, बाटलीवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. (पण उत्साहात पीएच फार वरही नेऊ नका, अल्कली झालं की ॲसिटिलथायोकोलिन एन्झाइमशिवायच तुटायला लागतं.) दुसरं म्हणजे टॅनिन. साल आणि बी चेचून रस काढला असेल तर टॅनिन भरपूर उतरतं आणि टॅनिनचा स्वभावच प्रोटीनला चिकटायचा. ते एन्झाइमला धरतं, वर फिनॉल ऑक्सिडाइज होऊन इलेक्ट्रोडवर थर बसतो तो वेगळाच.

हे खरं इनहिबिशन आहे की नुसती नासधूस, ते ओळखायची एक छान ट्रिक आहे. प्रालिडॉक्सिम, म्हणजे विषबाधेच्या पेशंटला ॲट्रोपिनबरोबर देतात ते पाम. सॅम्पलनंतर करंट पडला की इलेक्ट्रोड पामच्या द्रावणात ठेवा, धुवा, परत मोजा. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर ते सेरीनवरून सुटतं आणि करंट बराचसा परत येतो. टॅनिनने किंवा ॲसिडने एन्झाइम खराब झालं असेल तर पाम काही करू शकत नाही. फक्त फार वेळ मध्ये जाऊ देऊ नका, फॉस्फोरिलेटेड एन्झाइम 'एज' होतं आणि मग पामलाही दाद देत नाही. डायमिथाइल औषधांत हे लवकर होतं, पॅराऑक्सॉन डायइथाइल आहे म्हणून तिथे सवड मिळते.

क्लोरपायरीफॉस बॅचनुसार का बदलतं, तर त्याच्यात फॉस्फरसला सल्फर डबल बाँडने जोडलेला आहे आणि तसा रेणू या एन्झाइमला जवळजवळ काही करत नाही. किड्याच्या किंवा माणसाच्या शरीरात गेल्यावर सायटोक्रोम पी-४५० त्या सल्फरच्या जागी ऑक्सिजन बसवतं, ऑक्सॉन तयार होतो, आणि मारतो तो ऑक्सॉन. तुमच्या इलेक्ट्रोडवर लिव्हर नाहीये. बफरमध्ये दिसणारा रिस्पॉन्स बऱ्याचदा स्टँडर्डमध्ये अशुद्धी म्हणून असलेल्या थोड्याशा ऑक्सॉनचा असतो, म्हणून बाटलीगणिक बदलतो. यावर उपाय म्हणजे आधी एन-ब्रोमोसक्सिनिमाइडने ऑक्सिडेशन करून घ्यायचं आणि उरलेलं ब्रोमोसक्सिनिमाइड ॲस्कॉर्बिक ॲसिडने मारायचं. पण द्राक्षाचा कच्चा रस स्वतःच ते खाऊन टाकतो, त्यामुळे क्लीनअपशिवाय हे जमणार नाही.

आता एन्झाइम वाढवायचा सल्ला. इथे मात्र मी ठाम विरोध करेन. टोलनाक्यावर दहा लेन उघड्या आहेत आणि गाड्या तुरळक, तर दोन लेन बंद केल्या तरी रांग लागत नाही, बाहेरून कोणाला कळतही नाही. एन्झाइम भरमसाट असलं की हेच होतं. थोडे रेणू मेले तरी उरलेले येईल तेवढं सबस्ट्रेट संपवतात, करंट डिफ्युजनवर ठरतो आणि इनहिबिशन दिसतच नाही. न सुटणाऱ्या इनहिबिटरसाठी एन्झाइम जितकं कमी तितकी डिटेक्शन लिमिट खाली जाते. मग कमी एन्झाइमचा इवलासा करंट वाचायचा कसा? तर तिथे तुमचे नॅनोट्यूब कामाला येतात. साध्या कार्बनवर थायोकोलिनला साधारण ०.६-०.७ व्होल्ट लागतात, नॅनोट्यूबवर ते खाली येतं, कोबाल्ट थॅलोसायनिन किंवा प्रशियन ब्लू वापरलं तर आणखी बरंच खाली, आणि पोटेन्शियल खाली आलं की बाकीच्या कचऱ्याचा करंटही कमी होतो. नॅनोमटेरियलचं काम एवढंच, थोड्या प्रोटीनचं म्हणणं स्वच्छ ऐकू येणं. जास्त प्रोटीन साठवायचं गोदाम म्हणून ते वापरायचं नाही.

रेसिड्यू_बेंच

वरचं उत्तर वाचून बरं वाटलं, बहुतेक पेपरात हे असं सरळ लिहिलेलं नसतं.

मी रेसिड्यू लॅबमध्ये आहे, द्राक्षाचा सीझन म्हणजे आमची दिवाळी आणि परीक्षा एकदमच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: निर्यातीच्या सर्टिफिकेटसाठी नाही, येणार नाही कामाला. आम्ही मणी मिक्सरमध्ये फिरवतो, इथाइल ॲसिटेट किंवा ॲसिटोनायट्राइलमध्ये काढतो, पीएसए पावडरने ऑरगॅनिक ॲसिड आणि थोडी साखर बाजूला करतो आणि एलसी-एमएस-एमएसवर (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं यंत्र) एका फेरीत शेकडो रेणू बघतो, प्रत्येकाचं नाव आणि आकडा वेगळा. तुमचा सेन्सर सांगणार की 'कोलिनेस्टरेज बंद पाडणारं काहीतरी आहे'. कोणतं ते नाही, किती ते पण नाही, कारण प्रत्येक औषधाची एन्झाइम बंद पाडायची ताकद वेगळी.

आणि द्राक्षावर मारतात काय ते बघा ना. डावणी आणि भुरी हीच मुख्य दुखणी, त्यामुळे बहुतेक औषधं बुरशीनाशकं. मेटालॅक्झिल, डायमेथोमॉर्फ, ॲझॉक्सिस्ट्रोबिन यांचं या एन्झाइमशी काही देणंघेणं नाही. इमिडाक्लोप्रिड मज्जासंस्थेवरच काम करतं पण रिसेप्टरवर, एन्झाइमवर नाही. मॅन्कोझेब डायथायोकार्बामेट असलं तरी मेथोमिलसारखं एन्झाइमला धरत नाही. म्हणजे तुमच्या जाळ्यात येणार फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट आणि खरे कार्बामेट.

आकडे पण समोर ठेवा. क्लोरपायरीफॉसची मंजुरी युरोपियन युनियनने जानेवारी २०२० मध्ये वाढवून दिली नाही आणि नंतर मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलोवर आणली. म्हणजे १० पीपीबी. मोलरमध्ये काढलं तर साधारण २८ नॅनोमोलर. टॅनिनपासून सुटका म्हणून तुम्ही रस दहापट पातळ केलात की सेन्सरला ३ नॅनोमोलरच्या खाली वाचावं लागेल, तेही ऑक्सिडेशन पूर्ण झालं असं धरून. अशक्य नाही, पण बफरमधल्या लिमिटवर भिस्त ठेवून थिसिस लिहू नका. कॅलिब्रेशन न फवारलेल्या द्राक्षाच्या अर्कातच काढा, आम्हीही मॅट्रिक्स मॅच्ड स्टँडर्डच वापरतो.

अजून एक, आमच्याकडचा अर्क थेट घेऊ नका. ॲसिटोनायट्राइल स्वतःच एन्झाइमला दाबतं. सॉल्व्हंट उडवून बफरमध्ये परत घ्या, आणि नुसत्या सॉल्व्हंटचा कंट्रोल ठेवायला विसरू नका.

निफाडचा_बागायतदार

नमस्कार, मला यातली केमिस्ट्री सगळी कळली असं नाही म्हणणार पण धागा पूर्ण वाचला. आमची निर्यातीची बाग आहे. आमचा त्रास काय आहे ते सांगतो म्हणजे ताईंना उपयोग होईल. माल तयार झाला, पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यातलं ठरलेलं अंतर) पाळला, कटिंगच्या आधी सॅम्पल गेलं, आणि रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला. फेल झालं तर तोपर्यंत मजूर ठरलेले असतात, गाडी ठरलेली असते. बऱ्याचदा आपण मारलेलंच नसतं, शेजारच्या बागेतून वाऱ्याने आलेलं असतं किंवा टॉनिक म्हणून घेतलेल्या बाटलीत भलतंच काही असतं. तर बांधावरच एखादी पट्टी मिळाली जी नुसतं एवढं सांगेल की आत्ता सॅम्पल पाठवू नका, चार दिवस थांबा, तरी आमच्यासाठी लाखमोलाचं आहे. नाव नको, आकडा नको.

आणि २०१० सालचं सीसीसीचं प्रकरण जुन्या बागायतदारांना विचारा. क्लोरमेक्वाट. आधीच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच आणि युरोपात कंटेनर अडकले, किती तरी लोक कर्जात गेले. तो तुमच्या पट्टीवर दिसेल का?

रेसिड्यू_बेंच

काका, सीसीसी नाही दिसणार. ते वाढ रोखणारं संजीवक आहे, त्या पातळीला या एन्झाइमला अडवत नाही. त्याला आम्हालाही वेगळी पद्धत लावावी लागते कारण तो रेणू कायम चार्ज असलेला, नेहमीच्या अर्कात नीट येत नाही. पट्टी स्वच्छ म्हणाली म्हणजे माल स्वच्छ, असं कुणीही गृहीत धरू नये. उलट बाजू मात्र खरी आहे, पट्टी लाल म्हणाली तर थांबायला हरकत नाही.

प्राजक्ता_लॅब

खूप खूप आभार सगळ्यांचे. पीएच आजच मोजला, रस मिसळल्यावर ५ च्या खाली जातोय!! आणि हो, मी रस आणि सबस्ट्रेट एकत्रच टाकत होते कारण ज्या पेपरवरून प्रोटोकॉल घेतला त्यात तसंच होतं.

दोन शंका आहेत. थायोकोलिन हे थायोल, आणि थायोल सोन्याला चिकटतात, मग गोल्ड नॅनोपार्टिकल ठेवणं शहाणपणाचं आहे का? आणि गाइड सारखं म्हणतात की नॅनोट्यूबमुळे एन्झाइममधून डायरेक्ट इलेक्ट्रॉन ट्रान्सफर होतो, तसं लिही. या एन्झाइममध्ये तर इलेक्ट्रॉन देणारं-घेणारं काही केंद्रच नाहीये ना?

साखरपट्टी

मी जर्मनीत ग्लुकोज स्ट्रिपच्या क्षेत्रात काम करतो, मूळचा सांगलीचा. तुमच्या दुसऱ्या शंकेवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बरोबर ओळखलंत. ॲसिटिलकोलिनेस्टरेज हायड्रोलेज आहे, पाण्याने बंध तोडतं, त्यात रेडॉक्स केंद्र नाही. जो करंट येतो तो थायोकोलिनचा. डायरेक्ट ट्रान्सफर असं लिहिलंत तर परीक्षक तिथेच पकडतील.

हा शब्द आलाय ग्लुकोज ऑक्सिडेजच्या, म्हणजे शुगर मोजायच्या एन्झाइमच्या जगातून, आणि तिथेही तो प्रचंड वादग्रस्त आहे. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी पहिल्यांदा एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, ती ऑक्सिजनवर चालणारी. पुढे १९८४ मध्ये फेरोसीनचा मीडिएटर (एन्झाइमपासून इलेक्ट्रोडपर्यंत इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) आला, १९८७ मध्ये त्यावर चालणारं पेनाच्या आकाराचं मीटर बाजारात आलं आणि घरी शुगर तपासणं सोपं झालं. मीडिएटर का लागला? कारण त्या एन्झाइमचं एफएडी, म्हणजे त्याचं रेडॉक्स केंद्र, प्रोटीनच्या आत खोल गाडलेलं आहे, इलेक्ट्रोडपर्यंत इलेक्ट्रॉन उडी मारू शकत नाही. नॅनोट्यूब आणि ग्राफीन आल्यावर शेकडो पेपरांत लिहिलं गेलं की आमच्या नॅनोमटेरियलने ती उडी शक्य केली, पुरावा म्हणून मायनस ०.४५ व्होल्टच्या आसपासचा एक छान पीक. पण तो पीक प्रोटीनमधून सुटून कार्बनवर चिकटलेल्या मोकळ्या एफएडीचाही येतो, आणि त्याचा ग्लुकोजशी काही संबंध नसतो. २०१६ मध्ये विल्सन यांनी आणि २०१८ मध्ये बार्टलेट आणि अल-लोलाजे यांनी हे सगळे दावे तपासून स्पष्ट लिहिलं की मूळ रूपातल्या ग्लुकोज ऑक्सिडेजसाठी असा पुरावा नाही.

नॅनोने खरंच हे जमवलेलं एक उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं. २००३ मध्ये विलनर यांच्या गटाने १.४ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाला एफएडी जोडलं आणि मग रिकाम्या केलेल्या प्रोटीनमध्ये ते परत बसवलं. एन्झाइममागे सेकंदाला सुमारे ५,००० इलेक्ट्रॉन, नैसर्गिक ऑक्सिजनला साधारण ७०० मिळतात. तिथे कण कुठे बसणार हे प्रोटीनची रचना बघून ठरवलं होतं, नुसता थर ओतला नव्हता.

प्रोटीन बदललं की काय होतं त्याचंही सांगतो. ऑक्सिजनचा त्रास टाळायला काही स्ट्रिपमध्ये ग्लुकोज डिहायड्रोजनेज हे दुसरं एन्झाइम (एफएडीऐवजी पीक्यूक्यू केंद्र असलेलं) आलं. वेगवान, उत्तम करंट. पण त्याला माल्टोज आणि ग्लुकोज यातला फरक नीट कळत नव्हता. पोटातून डायलिसिस करणाऱ्या पेशंटना आयकोडेक्स्ट्रिन देतात, त्याचं शरीरात माल्टोज होतं, मीटर साखर जास्त दाखवायचं, त्यावर इन्सुलिन दिलं जायचं. अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये इशारा दिला तेव्हा १९९७ पासूनचे १३ मृत्यू नोंदलेले होते. इलेक्ट्रोड कितीही चांगला असो, काय ओळखायचं हे प्रोटीन ठरवतं. तुमच्या गाइडना हे उदाहरण जरूर सांगा.

विद्युत_रसायन

सोन्याबद्दल: हो, थायोकोलिन सोन्याला चिकटतं आणि वारंवार मोजलं की करंट घसरतो. काही जण तोच गुण वापरून घेतात पण तुमच्यासारख्या एकदाच वापरायच्या इलेक्ट्रोडला सोन्याची गरज नाही असं माझं मत. एकदा सोन्याशिवाय, नॅनोट्यूब आणि कोबाल्ट थॅलोसायनिनवर करून बघा. ईलऐवजी ड्रोसोफिलाचं म्युटंट एन्झाइम मिळालं तर जास्त चांगलं, काही औषधांना ते कितीतरी पट जास्त संवेदनशील आहे.

पण मला एक वेगळंच सुचवायचंय. द्राक्षाचा हट्ट कशाला? हेच प्रोटीन माणसाच्या लाल पेशींवर आहे. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. तिथे प्रश्न १० पीपीबीचा नाहीये. फवारणाऱ्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज किती उरलंय एवढं बोटाच्या थेंबातून कळलं तरी त्याला वेळेवर रानातून बाहेर काढता येतं. आणि बघा, तुमच्या सगळ्या अडचणी तिथे उलट्या होतात. सल्फरचं ऑक्सॉन करायचं काम शरीराने केलेलं असतं. एन्झाइम बसवायचंच नाही, ते सॅम्पलमध्ये आहे, तुम्ही फक्त सबस्ट्रेट घालून थायोकोलिन मोजायचं. कॅलिफोर्नियात अशी औषधं हाताळणाऱ्या कामगारांची ही तपासणी १९७४ पासून सक्तीची आहे. मूळ पातळीच्या ८० टक्क्यांच्या खाली आलं की कामाच्या पद्धतीची चौकशी, लाल पेशींतलं ७० किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर आलं की त्या माणसाला त्या कामावरून बाजूला करायचं.

निफाडचा_बागायतदार

हे मात्र अगदी पटलं. आमच्याकडे ब्लोअर चालवणारी पोरं आहेत, सीझनभर तोंडाला नुसता रुमाल. त्यांचं डोकं दुखलं की ऊन लागलं म्हणून सोडून देतात. माल तपासायला लॅब आहे, पोरांना तपासायला काय आहे?

प्राजक्ता_लॅब

काका, तुमचा हा प्रश्न मी गाइडना जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे.

@विद्युत_रसायन, मूळ पातळी म्हणजे सीझनच्या आधी प्रत्येकाचं वेगळं मोजायचं का? सरासरी धरून नाही चालणार?

विद्युत_रसायन

सरासरी अजिबात नको. माणसामाणसात मुळातच इतका फरक असतो की एखाद्याचं तीस टक्के पडलं तरी दुसऱ्याच्या नॉर्मलमध्येच दिसेल. ऑक्टोबर छाटणीच्या आधी, फवारण्या सुरू व्हायच्या आत, प्रत्येकाचं एकदा मोजून ठेवायचं आणि नंतरचे आकडे त्याच्याच आकड्याशी ताडायचे. लाल पेशी आणि प्लाझ्मा वेगवेगळं बघा, प्लाझ्मातलं एन्झाइम वेगळं आहे (ब्युटिरिलकोलिनेस्टरेज), ते लवकर पडतं आणि लवकर भरून येतं, शिवाय लिव्हरच्या आजारातही कमी असतं. रक्तात आधीच थायोल असतात, त्यामुळे सबस्ट्रेटशिवायचं ब्लँक प्रत्येक थेंबाला वेगळं घ्या आणि पोटेन्शियल शक्य तितकं खाली ठेवा. तुलनेला एलमनची ४१२ नॅनोमीटरला रंग मोजायची जुनी पद्धत ठेवा, ती १९६१ पासून टिकून आहे.

आणि माणसाचं रक्त म्हटलं की एथिक्स कमिटीची परवानगी आधी, तिला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आत्ताच टाका. तोपर्यंत ब्लड बँकेकडून मुदत संपलेल्या पिशव्या रीतसर पत्र देऊन मिळतात का ते बघा, त्यात पॅराऑक्सॉन घालून सुरुवात करता येईल.